रेड कॉर्नर नोटीस निघाली तरी अटक का होत नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात गुंतवणुकीच्या फसवणुकीवर लिहिलं आणि कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ, गडहिंग्लज अशा सगळीकडून इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून एकच आहे, माणूस किंवा पैसा किंवा गावची मूर्ती देशाबाहेर गेली की आपले पोलीस काय करू शकतात आणि ते इंटरपोल म्हणजे नेमकं काय. नाव छापू नका असं जवळपास सगळ्यांनी लिहिलंय म्हणून फक्त गाव देतोय.

राजारामपुरी, कोल्हापूर: सर, माझे रिटायरमेंटचे पैसे एका कंपनीत अडकलेत. महिन्याला ठरलेले टक्के देतो म्हणाले, सुरवातीला दिले पण, मग बंद. मुख्य माणूस दुबईला पळालाय असं सगळे बोलतात. रेड कॉर्नर नोटीस काढणार असं पेपरात आलंय. मग इंटरपोल त्याला उचलून कधी आणणार आणि आम्हाला पैसे कधी मिळणार?

काका, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो म्हणजे नुसती वाट बघत बसणं होणार नाही. इंटरपोल त्याला उचलायला जाणार नाही कारण इंटरपोलकडे अटक करणारे पोलीसच नाहीत. १९२३ साली व्हिएन्नात वेगवेगळ्या देशांच्या पोलिसांनी मिळून ही संस्था काढली, इंटरपोल हे नाव १९५६ ला आलं, १९८९ पासून मुख्य ऑफिस फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे आणि आज १९६ देश तिचे मेंबर आहेत, भारत १९४९ पासून. प्रत्येक देशात इंटरपोलचं एक खातं असतं ज्यात त्याच देशाचे पोलीस बसतात, आपल्याकडे हे काम दिल्लीला सीबीआय बघतं. म्हणजे इंटरपोल हे मुख्यतः एकमेकांना माहिती द्यायचं जाळं आहे, वर्दी घालून दार ठोठावणारी फौज नव्हे.

आता चोर कोगनोळीचा नाका ओलांडून कर्नाटकात निपाणीला पळाला तर आपले एलसीबीचे म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचे लोक गाडी काढतात, तिथल्या ठाण्याला कळवतात, उचलतात, लागलाच तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड म्हणजे आरोपीला इकडं आणायची परवानगी घेतात आणि रात्रीपर्यंत कोल्हापुरात परत. राज्य बदललं तरी कायदा एकच आहे ना. देश बदलला की हे सगळं थांबतं. आपल्या पीआय साहेबांना दुबईत कुणाच्या दंडाला हात लावायचा अधिकार नाही, त्यासाठी कागद पाठवावा लागतो आणि त्या कागदाचा प्रवास तुमच्या पोलीस ठाण्यातून सुरू होतो. एफआयआर, मग तपास, मग कोर्टाचं अजामीनपात्र वॉरंट, मग एसपी ऑफिसकडून राज्याच्या पातळीवर, तिथून सीबीआय आणि शेवटी लिऑन. तिथं परत तपासणी होते, गुन्हा पुरेसा गंभीर आहे का म्हणजे त्याला निदान दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे का, वॉरंट खरं आहे का, मागे राजकारण तर नाही ना. हे सगळं पार पडलं तर रेड नोटीस निघते, हीच आपल्याकडची रेड कॉर्नर नोटीस.

आणि ती निघाली म्हणजे अटक झाली असं पण नाही. इंटरपोल स्वतःच सांगतं की रेड नोटीस हे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे, ही फक्त विनंती आहे की हा माणूस दिसला तर शोधा आणि आम्ही प्रत्यार्पण म्हणजे त्याला आमच्या ताब्यात द्या असं मागेपर्यंत तात्पुरता धरून ठेवा. काही देश नोटिशीवर धरतात, काही म्हणतात आमच्या कोर्टाचं वॉरंट हवं. मग खरी लढाई प्रत्यार्पणाची, ती आपल्या १९६२ च्या कायद्याने आणि दोन देशांमधल्या कराराने चालते, परराष्ट्र खातं मागणी करतं आणि तिथलं कोर्ट ठरवतं. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १९९९ चा आहे, त्यामुळे दुबई म्हणजे सगळंच संपलं असं मानू नका.

किती वेळ लागतो ते उदाहरणावरून बघा. अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला आणि भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. तीन वर्षं गेली, ते पण फाशी देणार नाही आणि २५ वर्षांच्या वर तुरुंगात ठेवणार नाही अशी हमी भारत सरकारने पोर्तुगालला दिल्यावर, आणि ती हमी पाळावी लागेल हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. उलट छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दिल्लीत होता. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातल्या मेहुल चोक्सीचं तर अजून वेगळं, त्याच्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये निघालेली रेड नोटीस इंटरपोलच्याच फाइल तपासणाऱ्या आयोगाने नंतर काढून टाकली, आपल्याकडे सगळे म्हणाले सुटला, आणि एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी त्याला आपल्या थेट प्रत्यार्पणाच्या मागणीवर अटक केली. म्हणून नोटिशीच्या बातमीकडे एवढं डोळे लावून बसू नका, मागणीचा कागद किती पक्का आहे यावर सगळं अवलंबून असतं.

तुमच्या पैशाचं सांगतो, हे जास्त महत्त्वाचं. तो दुबईहून आला तरी पैशाची बॅग घेऊन येणार नाहीये. तुमचे पैसे मिळायचा खरा रस्ता म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात इथली जमीन, फ्लॅट, गाड्या, बँक खाती जप्त होतात, सक्षम अधिकारी म्हणून बहुतेक वेळा प्रांतसाहेब असतात, विशेष कोर्टाच्या हुकमाने विक्री होऊन ठेवीदारांना वाटप होतं. पण त्या यादीत तुमचं नाव पाहिजे! आणि इथंच मला राग येतो, कितीतरी जण अजून तक्रारच देत नाहीत कारण ज्या एजंटने पैसे गोळा केले तोच सांगतो की गप्प बसा, केस केली तर साहेब चिडतील आणि सगळ्यांचेच बुडतील. अहो त्या गप्प बसण्याच्या महिन्यांतच तर तो माणूस विमानात बसतो. लुकआउट नोटीस वेळेत निघाली तर एअरपोर्टवरच अडवता येतं, पण ती निघायला कुणीतरी तपास यंत्रणेने मागायला लागते आणि तपास सुरू व्हायला तक्रार लागते. तुम्ही पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, एजंटशी झालेलं चॅटिंग घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जावा, या आठवड्यातच जावा, आणि तुमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांना पण सोबत घ्या.

शाहूपुरी: आईला व्हिडिओ कॉल आला, पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस म्हणाला तुमच्या आधारवर पार्सलमधून ड्रग्ज गेलेत, इंटरपोलची नोटीस आहे, घराबाहेर पडू नका, कुणाला सांगू नका. आईने एफडी मोडायची तयारी केली होती, मी वेळेत आलो. अशी नोटीस खरंच असू शकते का?

नाही. इंटरपोल कुठल्याही नागरिकाला फोन करत नाही, व्हिडिओ कॉल नाही, पैसे मागणं तर नाहीच नाही. असं व्हिडिओ कॉलवर घरात अडकवून ठेवण्याला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण असा प्रकार आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. कुणाला सांगू नका असं म्हणणारा पोलीस खोटा, एवढं आईंना पाठ करून ठेवा, आणि आईंवर चिडू नका कारण ही माणसं तासन्तास कॉल चालू ठेवून समोरच्याला विचारच करू देत नाहीत, भल्याभल्या शिकलेल्या लोकांनी आयुष्यभराची पुंजी अशीच घालवलीय. पैसे गेले नसले तरी नंबर आणि स्क्रीनशॉट सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर टाका. गेले असते तर १९३० ला फोन, पहिल्या तासाभरात, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे फिरायच्या आत तिथल्या तिथं गोठवता येतात.

शिरोली एमआयडीसी: आमची फाउंड्री हाय, कास्टिंग जर्मनीला जातं. गिऱ्हाईक म्हणतंय पैसे भरले, आमच्या खात्यात काय नाही. नंतर कळलं की आमच्या नावानं त्यांना मेल गेला, बँक खातं बदललंय म्हणून, आणि त्यांनी पोलंडमधल्या कुठल्या तरी खात्यात रक्कम टाकली. आता हे आमचं नुकसान की त्यांचं, आणि तक्रार कुठं करायची? पोलीस म्हणाले गुन्हा परदेशात घडलाय.

दादा, हा प्रश्न छापतोय कारण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं एक्सपोर्टवाले आहेत आणि कुणावरही ही पाळी येऊ शकते. नुकसान कुणाचं हे तुमच्या करारात काय लिहिलंय आणि मेल कुणाच्या बाजूने फुटला यावर ठरेल, ते वकिलाला दाखवा. पण त्याच्या आधी पैसे अडवायचं बघा कारण इथं तासांचा हिशोब असतो.

पैसे जर्मन बँकेतून निघालेत म्हणून गिऱ्हाइकाने त्याच्या बँकेत आणि त्याच्या पोलिसात आजच्या आज जायला पाहिजे. बँकेला रिकॉल म्हणजे पाठवलेले पैसे परत मागवायची विनंती टाकायला सांगायचं, पोलिसांना पोलंडच्या खात्याचा नंबर द्यायचा. त्यांना फोन करून हे पटवा, मेलवर विसंबू नका कारण मेल तर चोराच्या हातात आहे. तुम्ही इकडे कोल्हापूरच्या सायबर पोलिसात तक्रार द्या. गुन्हा परदेशात घडलाय हे उत्तर बरोबर नाही, मेल तुमच्या कंपनीच्या नावाने गेलाय, तुमची ओळख वापरलीय, बहुतेक तुमचाच मेलबॉक्स आधी कुणीतरी उघडून वाचत बसला होता म्हणून तर त्याला नेमकं माहीत होतं की इनव्हॉइस कधी जाणार. ओळख चोरणं आणि तोतयेगिरी दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हे आहेत. पोलिसांनी तक्रार घ्यायला काचकूच केली तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि एसपी ऑफिसला जावा.

दोन्हीकडे तक्रार झाली की मग देशादेशांतली यंत्रणा चालू होऊ शकते. इंटरपोलने २०२२ मध्ये आय-ग्रिप नावाची सोय काढली, एका देशाचे पोलीस दुसऱ्या देशाच्या पोलिसांना त्यावरून ताबडतोब कळवतात की अमुक खात्यात चोरीचा पैसा आलाय, थांबवा. जुलै २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीबरोबर अगदी तुमच्यासारखंच झालं, सप्लायरच्या नावाने मेल आला आणि त्यांनी तिमोर-लेस्टेमधल्या खात्यात ४ कोटी २३ लाख डॉलर भरले. चार दिवसांनी खऱ्या सप्लायरने पैसे आले नाहीत म्हणून सांगितलं तेव्हा उघडकीला आलं. कंपनीने लगेच पोलिसात तक्रार केली, पोलिसांनी आय-ग्रिप वापरलं, आणि ३ कोटी ९० लाख डॉलर त्या खात्यातच अडवले गेले. चार दिवस जाऊनसुद्धा बरं का. हेच जर त्यांनी महिनाभर एकमेकांना मेल करत, तुमची चूक की आमची असं भांडत घालवलं असतं तर एक डॉलर हाती लागला नसता.

पोलिसात जाताना गिऱ्हाइकाकडून स्विफ्टची म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवल्याच्या मेसेजची कॉपी मागवा, आणि तो खोटा मेल फॉरवर्ड करून घेऊ नका, मूळ फाइल सेव्ह करून मागवा कारण फॉरवर्ड केला की हेडर जातं आणि कुठल्या सर्व्हरवरून आला ते त्या हेडरमध्येच असतं. मेल आयडी अक्षर अक्षर बघा, बऱ्याचदा नावातल्या एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकलेले असतात, स्क्रीनवर डोळ्याला कळतच नाही. आणि तुमच्या सगळ्या परदेशी गिऱ्हाइकांना एक गोष्ट आत्ताच कळवून ठेवा, भारतातल्या बँक खात्याला आयबॅन नंबर, म्हणजे युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतोच. आमच्या नावाने आयबॅन आला, त्यात सुरवातीला दुसऱ्याच देशाची दोन अक्षरं असली की समजायचं हे आम्ही नाही. युरोपातल्या अकाउंटंटला आयबॅनची एवढी सवय असते की त्याला यात काही चुकतंय असं वाटतच नाही, सांगितल्याशिवाय कळणार नाही.

इचलकरंजी: माझा भाचा थायलंडला डेटा एंट्रीच्या नोकरीला म्हणून गेला. टेलिग्रामवर एजंट भेटला होता. बँकॉकला उतरल्यावर गाडीत घालून कुठं तरी नेलं, नदी ओलांडली एवढं तो बोलला. आता कधीतरी रात्री मेसेज येतो की इथून सोडवा, पासपोर्ट काढून घेतलाय, लोकांना फसवायचं काम करायला लावतात, नाही केलं की मारतात. पोलिसात गेलो तर एजंट लोक त्याला काही करतील अशी भीती वाटते.

ताई, तुमची भीती मी समजू शकतो, तरीपण थांबू नका. नदी ओलांडली म्हणजे बहुतेक थायलंडच्या माए सोत गावाजवळची मोई नदी, पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. तिथं मोठमोठी आवारं आहेत, कुंपणाच्या आत शेकडो पोरं कॉम्प्युटरसमोर बसवून जगभरच्या लोकांना फसवायला लावतात, कंबोडिया आणि लाओसमध्ये पण असेच अड्डे आहेत. इंटरपोलने जून २०२३ मध्ये याच प्रकाराबद्दल ऑरेंज नोटीस काढली, म्हणजे सगळ्या देशांना गंभीर धोक्याचा इशारा. आणि सुटका होते, खरंच होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणलं.

तुम्ही तीन ठिकाणी कळवा, तिन्ही एकाच दिवशी. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा, यांगून आणि बँकॉक दोन्हीकडच्या भारतीय दूतावासाला मेल करा, आणि इचलकरंजीत पोलिसात एजंटवर गुन्हा नोंदवा, मानवी तस्करीचा आणि विनापरवाना परदेशी भरती केल्याचा. एजंटवर गुन्हा झाल्याने पोराला धोका होईल असं वाटतं पण उलटा विचार करा, दूतावासाला तिथल्या सरकारशी बोलताना हातात काहीतरी लागतं आणि एफआयआर असली की हा नोकरी सोडून पळालेला मुलगा नाही, पळवून नेलेला मुलगा आहे हे कागदावर येतं. पुढे त्याच्यावरच कुणी फसवणुकीचा आळ घेतला तरी हाच कागद त्याच्या कामाला येणार आहे. बेपत्ता माणसासाठी यलो नोटीस असते, ती सुद्धा पोलीस तक्रारीशिवाय निघत नाही.

त्याचे मेसेज, त्याने कधी लोकेशन पाठवलं असेल तर ते, विमानाचं तिकीट, एजंटला कुठल्या खात्यात पैसे दिले ते, सगळं जपा आणि पोलिसांना द्या. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका आणि त्याला तुमच्याकडून सारखे मेसेज करू नका कारण तिथं फोन तपासतात. सोडायचे पैसे मागितले तर परस्पर देऊ नका, आधी दूतावासाला सांगा. तो परत आल्यावर पोलीस त्याची चौकशी करतील तेव्हा घाबरू नका, त्याच्याकडून जी माहिती मिळेल त्यातूनच इकडचे एजंट सापडतात.

बाकी वाचकांनो, परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर फुकट बघता येतं. टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर वर्क परमिट करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी नाही म्हणा, पगार कितीही सांगू दे.

शिवाजी विद्यापीठ परिसर: सर मी पीएसआयची तयारी करतोय. भारतपोल म्हणजे काय, आणि इंटरपोल राजकीय गुन्ह्यात का पडत नाही?

भारतपोल हे सीबीआयचं पोर्टल, ७ जानेवारी २०२५ ला सुरू झालं. आधी जिल्ह्याच्या तपास अधिकाऱ्याला परदेशातून काही माहिती हवी असली तर पत्र, ईमेल, फॅक्स असं खालून वर जायचं आणि मध्ये कुठं अडकलंय तेच कळायचं नाही. आता राज्याचे आणि जिल्ह्याचे पोलीस त्या पोर्टलवरून विनंती टाकतात, नोटिशीची मागणी ठरलेल्या फॉर्मॅटमध्ये करतात आणि त्यावर पुढं काय झालं ते बघू शकतात. पुढे सीबीआय ते इंटरपोलच्या आय-२४/७ नावाच्या सुरक्षित जाळ्यावरून पाठवतं. तू उद्या पीएसआय होऊन गगनबावड्याला बसलास तरी तुझ्या टेबलावरचा कागद लिऑनपर्यंत जाऊ शकतो, म्हणून इंग्रजीत नीट, मुद्देसूद गुन्ह्याची हकीकत लिहायची आत्तापासून सवय लाव. हे मनापासून सांगतोय, आरोपीची जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, फोटो, बोटांचे ठसे असं काही नसताना नुसत्या नावावर पाठवलेली विनंती जगात कुणालाच उपयोगी पडत नाही.

राजकारणाचं म्हणशील तर इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ पाठ कर, राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात पडायला संस्थेला सक्त मनाई आहे. ती नसती तर कुठलंही सरकार आपल्या विरोधकांना जगभर पकडायला लावू शकलं असतं, आणि तसे प्रयत्न होतात पण, म्हणून तर फाइल तपासणारा वेगळा आयोग ठेवलाय.

शिरोळ तालुका: आमच्या गावच्या देवीचा पितळी मुखवटा जत्रेच्या आधी चोरीला गेला. म्हातारी माणसं सांगतात तो दोनशे वर्षांचा आहे. अशा वस्तू परदेशात विकतात म्हणे. सापडायची काही आशा आहे का?

आशा आहे, पण मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो, तुमच्याकडे त्या मुखवट्याचा फोटो आहे का? जत्रेतला नको, त्यात हार, फुलं, साडी, मळवट यात मुखवटा झाकलेला असतो. उघडा, पोशाख न केलेला, समोरून घेतलेला. शंभरातल्या जवळपास सगळ्या गावांत नसतो, आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळातून चोळ काळातला नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो ५० लाख डॉलरला विकत घेतला, खोटी कागदपत्रं सोबत होतीच. पण पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी दक्षिणेतल्या देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते, त्यातला या नटराजाचा फोटो आणि गॅलरीतली मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्यावर खोटेपणाला जागाच उरली नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत परत दिला. आणि ती विकणारा न्यूयॉर्कचा डीलर सुभाष कपूर, त्याला ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला रेड नोटिशीवर पकडलं, जुलै २०१२ मध्ये भारतात आणलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. एका गावच्या ठाण्यातल्या चोरीच्या केसवरून जर्मनीत अटक झाली, बघा कागद कुठवर जातो ते.

आता तुमचं. गुन्हा नोंदवताना देवीचा पितळी मुखवटा, अंदाजे किंमत अमुक, एवढ्यावर भागवू नका. पंचनाम्यात उंची रुंदी सेंटीमीटरमध्ये, वजन माहीत असेल तर वजन, डोळे कोरलेले की बसवलेले, कानात भोकं आहेत का, मागच्या बाजूला काही अक्षरं आहेत का, कधी डाग देऊन दुरुस्त केलाय का आणि तो डाग नेमका कुठं आहे, हे सगळं आलं पाहिजे. गुरवांना, हक्कदारांना आणि ज्यांनी कधी मुखवट्याला उजाळा दिला त्या कारागिराला सोबत बसवा, हातात घेऊन घासलेल्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यासारख्या लांबून नमस्कार करणाऱ्याला नसतं. जुने लग्नाचे, अभिषेकाचे अल्बम शोधा, एखाद्या फोटोत निघेल.

चोरीच्या कलावस्तूंची इंटरपोलकडे एक यादी आहे, पन्नास हजारांहून जास्त वस्तू आहेत त्यात, आणि २०२१ पासून आयडी-आर्ट नावाच्या मोफत अॅपवर कुणालाही ती बघता येते. जगातल्या डीलरला, म्युझियमला, कस्टमवाल्याला फोटो टाकून तपासता येतं की ही वस्तू चोरीची आहे का. पण त्या यादीत वस्तू पोलिसांमार्फत, आपल्या बाबतीत सीबीआयकडूनच जाते आणि पक्की ओळख पटेल एवढी माहिती असेल तरच घेतात. म्हणून तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला बंदी आहे, म्हणजे परदेशात सापडली तर तिकडच्या खरेदीदाराला मी पैसे देऊन घेतली म्हणून सुटता येईलच असं नाही, निदान मागायचा हक्क आपल्याकडे राहतो.

आणि ज्या गावांचे देव अजून जागेवर आहेत त्यांनी पुढच्या अभिषेकाच्या वेळी, पोशाख चढवायच्या आधी, गुरवांना विचारून मोबाइलवर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी एक मोजपट्टी ठेवून. खिद्रापूरला कोपेश्वराच्या भिंतीवरची एकेक मूर्ती लोकांनी येऊन फोटोत घेतलीय, पण शेजारच्या वाडीतल्या बिरोबाच्या, मरगूबाईच्या मूर्तीचा एक धड फोटो सापडत नाही. फोटो ग्रामपंचायतीत, देवस्थान कमिटीत आणि एखाद्या बाहेरगावच्या माणसाकडे असे तीन जागी ठेवा.

ताराबाई पार्क: पासपोर्ट हरवला म्हणून तक्रार दिली होती, आता कपाटात सापडला. पुढच्या महिन्यात मुलीकडे जायचंय, हाच वापरला तर चालेल का?

अजिबात वापरू नका. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो आणि नंबर इंटरपोलच्या चोरीच्या आणि हरवलेल्या पासपोर्टच्या यादीत जाऊ शकतो, परदेशातल्या इमिग्रेशन काउंटरवर स्कॅन केला की लाल दिसणार आणि तुम्हाला तासन्तास बसवून ठेवतील किंवा पुढच्या विमानाने परत पाठवतील. सापडलेला पासपोर्ट ऑफिसला जमा करा आणि नवीनसाठी अर्ज करा, महिनाच हाताशी आहे तर तत्काळमध्ये होतंय का ते ऑफिसला विचारा. जुन्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर त्या देशाच्या व्हिसा सेंटरला आधी विचारून घ्या आणि मगच तिकीट काढा.